मोटारचोरीच्या केसमध्ये कलम १३: पूर्वीची शिक्षा धरायची तर सरकार पक्षाने काय काय सिद्ध करायचं?

कोर्टाची_पायरी लिहिते:

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहे. ही केसही पॅनेलवरूनच आलेली. पुढच्या तारखेला सरकार पक्षाच्या एका अर्जावर मला म्हणणं (लेखी उत्तर) द्यायचंय. फौजदारी करणाऱ्या ज्येष्ठांनी कृपया सविस्तर लिहावं.

पक्षकार पारधी समाजातला, वय ३६. गावाबाहेरच्या वस्तीवर राहतो, हंगामात टोळीबरोबर ऊसतोडीला जातो, एरवी मिळेल ती मजुरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिवारातल्या एका शेतकऱ्याची विहिरीवरची पाच एचपीची मोटार चोरीला गेली. फिर्यादीत किंमत सोळा हजार. पोलीस वस्तीवर गेले आणि याला उचललं. मोटार भंगारवाल्याकडून जप्त झाली आणि भंगारवाला म्हणतो, यानेच आणून विकली. पंचनामा, भंगारवाल्याचा जबाब, संपलं. कलम भारतीय न्याय संहिता ३०३(२), म्हणजे साधी चोरी, जास्तीत जास्त तीन वर्षं.

आरोप निश्चितीच्या दिवशी एपीपींनी (सरकारी वकिलांनी) अर्ज दिला. आरोपीला पूर्वी शिक्षा झालेली आहे, सबब दोषारोपात न्याय संहितेचं कलम १३ (पूर्वीच्या शिक्षेमुळे वाढीव शिक्षा) घालावं आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) ३६३ खाली केस सीजेएमकडे (मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे) किंवा सेशनला पाठवावी. कलम १३ लागलं तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप. एका मोटारीसाठी!

अर्जाला जोडलाय एकच कागद. पोलीस ठाण्याच्या लेटरहेडवर टाइप केलेला, 'आरोपीचा गुन्हेगारी पूर्वइतिहास'. खाली गोल शिक्का, सही कोणाची ते कळत नाही. त्यातल्या सात नोंदी अशा (भादंवि म्हणजे जुनी भारतीय दंडसंहिता):

१) २००९, पोलीस अधिनियम १२२: दंड
२) २०१२, जुगार अधिनियम १२(अ): दंड
३) २०१४, भादंवि ३७९: शिक्षा
४) २०१७, भादंवि ३७९ सह ५११: शिक्षा
५) २०१८, भादंवि ४४७, ४२७: शिक्षा
६) २०१९, भादंवि ३७९: निकाली
७) २०२२, भादंवि ४५७, ३८०: न्यायप्रविष्ट

तिसऱ्या नोंदीचा आरसीसी नंबर (खटल्याचा क्रमांक) काढून मी ई-कोर्टवर निकाल शोधला. निकाल २०१५ चा. गुन्हा कबूल केला म्हणून 'भोगलेली कैद हीच शिक्षा' आणि पाचशे रुपये दंड. कैद जेमतेम दोन महिन्यांची. आरोपीचं नाव आणि आडनाव माझ्या पक्षकाराचंच, पण वडिलांचं नाव लिहिलेलंच नाही आणि वय दिलंय ३५. माझा पक्षकार २०१५ मध्ये २७ वर्षांचा होता. तो म्हणतो, 'मॅडम, तो मी नाही, आमच्या वस्तीवर त्याच नावाचा चुलतभाऊ होता.' चुलतभाऊ आता हयात नाही.

माझे प्रश्न. या सातपैकी नेमक्या कोणत्या नोंदी कलम १३ साठी धरता येतात? तिसऱ्या नोंदीत शिक्षाच दोन महिन्यांची असेल तर तीन वर्षांची अट तिथेच तुटत नाही का? ठाण्याच्या यादीवर एवढा मोठा दोषारोप वाढवता येतो का? आणि ज्याने माझी झोप उडाली आहे ते हे: न्यायाधीश साहेबांनी ती यादी वाचली आहे. एकही साक्षीदार तपासलेला नाही, आणि माझा माणूस त्यांच्यासमोर 'सात गुन्ह्यांचा' म्हणून उभा आहे.

उलटतपास लिहितात:

ताई, आधी तुम्हाला न आवडणारं सांगतो. तिसऱ्या नोंदीत प्रत्यक्ष किती शिक्षा झाली याने काही फरक पडत नाही. कलमाची भाषा बघा: तीन वर्षं किंवा त्याहून अधिक कैदेस *पात्र* असलेला गुन्हा. ३७९ ला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे तो अटीत बसतो, मग कोर्टाने प्रत्यक्षात दोन महिने दिलेले असोत नाहीतर नुसता दंड केलेला असो. हे जुन्या दंडसंहितेच्या कलम ७५ पासून असंच आहे. तेव्हा ज्यांतला गुन्हा धरला जायचा ती प्रकरणं १२ आणि १७ होती, म्हणजे नाणी व मुद्रांक आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे. आता १० आणि १७ आहेत. साचा तोच. हा मुद्दा म्हणण्यात घेऊ नका. पहिल्याच मिनिटाला खोडला जाईल आणि तुमचे पुढचे चांगले मुद्दे फिके पडतील.

आता बाकीच्या सहा नोंदी. यादीत सात आकडे दिसले की बघणाऱ्याचं मन तयार होतं, म्हणून एकेक नोंद सोलूनच ठेवायला हवी.

पहिल्या दोन विशेष कायद्यांखालच्या आहेत. मालमत्तेच्या प्रकरणाशी त्यांचा संबंध नाही. बाद. त्यातही १२२ म्हणजे रात्री संशयास्पद सापडला, आणि वस्तीवरच्या माणसाला ते कलम किती सहज लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

चौथी नोंद चोरीच्या प्रयत्नाची. प्रयत्नाची शिक्षा ५११ खाली होते आणि ५११ प्रकरण १७ मध्ये नाही. शिवाय प्रयत्नाला निम्मी मुदत, म्हणजे दीड वर्ष. बाद. पाचवीत ४४७ आणि ४२७. दोन्ही प्रकरण १७ मधलीच, पण ४४७ ला तीन महिने आणि ४२७ ला दोन वर्षं. तीन वर्षांचा उंबरठाच ओलांडत नाहीत. बाद. सातवी प्रलंबित आहे, म्हणजे दोषसिद्धीच नाही. आणि हे लक्षात ठेवा: उद्या त्या केसमध्ये शिक्षा लागली तरी या मोटारीच्या केसला ती चालणार नाही. आधी दोषसिद्धी, *त्यानंतर* घडलेला गुन्हा, असा क्रम हवा. तुमची मोटार गेली ऑक्टोबर २०२४ मध्ये.

सहावी नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'निकाली' म्हणजे काय? लोकअदालतीत तडजोड झालेली असण्याची दाट शक्यता आहे, कारण ३७९ तडजोडयोग्य आहे. तसं असेल तर तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० चं आठवं पोटकलम, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३५९. म्हणजे ती नोंद तुमच्या बाजूची झाली. पण त्याच कलमाचं सातवं पोटकलमही वाचा: पूर्वीच्या शिक्षेमुळे आरोपी वाढीव शिक्षेला पात्र असेल तर तडजोड करताच येत नाही. २०१५ ची शिक्षा खरोखर याच माणसाची असती, तर २०१९ मध्ये सरकार पक्षाने तडजोडीला हरकत घ्यायला हवी होती. कोणी घेतली का? त्या केसचा रोजनामा (कोर्टाच्या तारीखवार नोंदी) काढा. हा ओळख नाकारणारा पुरावा नव्हे, त्यावर विसंबू नका. पण २०१९ मध्ये त्याच यंत्रणेला हा माणूस पूर्वी शिक्षा झालेला म्हणून दिसला नव्हता, एवढं कोर्टासमोर नक्की मांडता येतं.

तेव्हा उरली फक्त तिसरी, आणि तिथे सगळा खेळ ओळखीचा आहे.

पूर्वीची शिक्षा कशी सिद्ध करायची हे कायद्याने स्वच्छ सांगितलंय: नागरिक सुरक्षा संहिता कलम ३३४, जुनं २९८. ज्या कोर्टात शिक्षा झाली तिथल्या अभिलेख सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेला शिक्षेच्या आदेशाचा उतारा, किंवा ज्या तुरुंगात शिक्षा भोगली तिथल्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, किंवा तुरुंगात पाठवल्याचं वॉरंट. आणि यातलं काहीही आणलं तरी सोबत *हाच तो माणूस* याचा पुरावा हवा. ठाण्याची यादी यात कुठेच बसत नाही. त्या यादीवर शिक्का गोल असो की चौकोनी, ती ३३४ खालचा पुरावा होत नाही.

म्हणण्यात आणखी एक गोष्ट ठळक लिहा. दोषारोपात पूर्वीच्या शिक्षेचा उल्लेख करायचा तर २३४(७) प्रमाणे शिक्षा झाल्याची वस्तुस्थिती, तारीख आणि ठिकाण, तिन्ही हवं. एपीपींच्या अर्जात तारीख आणि कोर्टाचं नाव आहे का? नुसतं 'पूर्वी शिक्षा झालेली आहे' एवढंच असेल तर तो अर्ज अपुरा आहे. मात्र सगळी भिस्त यावर ठेवू नका. शिक्षा सुनावण्यापूर्वी कोर्ट ही भर कधीही घालू शकतं, तेव्हा हा दोष त्यांना दुरुस्त करता येतो.

आता तुमच्या झोपेचा प्रश्न. मॅजिस्ट्रेटपुढच्या वॉरंट केसमध्ये २७१(३) चं परंतुक वाचा. आरोपी मुख्य गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत पूर्वीच्या शिक्षेचा दोषारोप वाचून दाखवायचा नाही, त्यावर आरोपीला विचारायचं नाही, सरकार पक्षाने त्याचा उल्लेख करायचा नाही आणि त्यांच्या पुराव्यातही तो येता कामा नये. साक्ष अधिनियमाचं ४९ हेच सांगतं, वाईट चारित्र्य हा चोरीचा पुरावा नव्हे. तेव्हा त्या यादीला निशाणी क्रमांक (अभिलेखातल्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक) पडू देऊ नका. लेखी मागणी करा की ती अभिलेखातून वेगळी काढून बंद लिफाफ्यात ठेवावी. मंजूर झाली तर उत्तमच. नामंजूर झाली तरी तुमची हरकत रोजनाम्यात राहील आणि अपिलात ती कामाला येईल.

३६३ बद्दल. ते कलम सरसकट 'पाठवाच' म्हणत नाही. मॅजिस्ट्रेट स्वतः पुरेशी शिक्षा देऊ शकतात असं त्यांचं मत असेल तर केस त्यांच्याकडेच राहते. प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटना तीन वर्षांपर्यंतचे अधिकार आहेत. मोटारीच्या चोरीला ते पुरेसे आहेत, असं ठामपणे मांडा.

शेवटी एक. ओळख नाकारण्याआधी पक्षकाराशी एकट्याने बोला. नातेवाईक नकोत, पोलीस हवालदार दाराशी नको. ती शिक्षा त्याची असल्याचं त्याने तुम्हाला सांगितलं, तर 'तो दुसराच होता' असं कोर्टात मांडता येणार नाही. सरकार पक्षाला 'सिद्ध करा' म्हणण्याचा हक्क मात्र तेव्हाही शाबूत राहतो.

सरकारतर्फे लिहितात:

मी सहायक सरकारी अभियोक्ता आहे, वेगळ्या जिल्ह्यात. उलटतपास सरांनी कायदा बरोबर सांगितलाय. ठाण्याची यादी जोडून असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो तपासी अंमलदाराला परत दिला असता. प्रमाणित उतारा आण, तुरुंगाचं प्रमाणपत्र आण, बोटांचे ठसे जुळवून आण, मग बोलू.

पण दुसरी बाजूही ऐका. विहिरीवरची मोटार गेली की त्या शेतकऱ्याचं उभं पीक वाळतं. सोळा हजारांत नवीन मोटार येत नाही, केबल आणि पाईप वेगळे. एकाच पट्ट्यात तोच माणूस पुन्हापुन्हा मोटारी काढत असेल तर 'साधी चोरी' म्हणून प्रत्येक वेळी दोन महिन्यांत सोडणं मला न्याय वाटत नाही. पूर्वीची शिक्षा वाढवून धरणारं कलम यासाठीच आहे. ते वापरायचं तर नीट वापरा, एवढंच माझं म्हणणं.

सरांनी एक मुद्दा घेतला नाही. कलम १३ म्हणतं '*या संहितेच्या* प्रकरण १० किंवा १७ खालील गुन्हा'. तुमची २०१५ ची शिक्षा दंडसंहितेखालची आहे, आणि न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला. बचाव म्हणेल, दंडविधानाचा अर्थ काटेकोर लावायचा, जुनी शिक्षा धरता येणार नाही. मी सरकारतर्फे न्याय संहितेचं ३५८(३) दाखवेन: जुन्या संहितेखाली केलेली कृती किंवा कारवाई नव्या संहितेच्या संबंधित तरतुदीखाली केली असं मानायचं. माझ्या मते ही वाट सरकारची आहे, पण बचावाचा युक्तिवादही पोकळ नाही, जरूर घ्या.

तसंच ३०३(२) मध्येच आता दुसऱ्या वेळच्या दोषसिद्धीला किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं सक्तमजुरी ठेवली आहे. जुन्या ३७९ मध्ये हे नव्हतं. तेव्हा तुम्ही कलम १३ अडवलंत तरी एपीपी या खिडकीतून येतील, तयारी ठेवा. तिथेही 'या कलमाखाली' असेच शब्द आहेत, म्हणजे वाद तोच. तुमच्या बाजूने असंही म्हणता येईल की चोरीच्या पुनरावृत्तीसाठी विधिमंडळाने खास एक ते पाच वर्षं ठरवली असताना सर्वसाधारण कलम १३ लावून जन्मठेपेपर्यंत जाणं बरोबर नाही. मी बचावात असतो तर हाच मुद्दा सगळ्यात आधी घेतला असता.

आणि घाई कशाला, हे मला खरंच कळत नाही. वाढीव दोषारोप दोषसिद्धीनंतर ठेवता येतोच. शक्ती मिलच्या खटल्यात २० मार्च २०१४ ला दोषसिद्धी झाली आणि दंडसंहितेच्या ३७६-ई चा (बलात्काराच्या पुनरावृत्तीचा) वाढीव दोषारोप त्यानंतर, २४ मार्चला आला. ४ एप्रिलला तिघांना फाशी सुनावली गेली. कलम घटनेत बसतं की नाही ही लढाई उच्च न्यायालयात २०१९ पर्यंत चालली, कलम टिकलं, पण २५ नोव्हेंबर २०२१ ला फाशीची जन्मठेप झाली. पुनरावृत्तीचं कलम किती जड असतं आणि किती वर्षं तपासलं जातं, ते यातून दिसतं. मोटारीच्या केसमध्ये साक्षीपुरावा होण्याआधीच ते पुढे करण्यात सरकार पक्षाचंही हित नाही.

निवृत्त_शिरस्तेदार लिहितात:

फौजदारी न्यायालयात नोकरी झाली, त्यामुळे कायद्यापेक्षा कागदाबद्दल सांगतो. वकील मंडळी निकालाची नक्कल काढतात आणि थांबतात. ओळखीच्या वादात निकालपत्र उपयोगाचं नसतं. शीर्षकात नाव-वय जसं दोषारोपपत्रात आलं तसं टंकलेखक उतरवून घेतो. वय तर अटकेच्या वेळी हवालदाराने डोळ्यांनी अंदाजे लिहिलेलं असतं. त्यामुळे ३५ आणि २७ हा फरक तुम्हाला मोठा वाटतो, पण एपीपी एका वाक्यात उडवतील.

२०१४ च्या त्या केसची पूर्ण फाइल तपासणीला मागा. त्यात अटक फॉर्म असेल, त्यावर ओळखीच्या खुणांचा रकाना असतो: तीळ, व्रण, गोंदण. आरोपीने गुन्हा कबूल केला आहे, म्हणजे कबुलीच्या कागदावर त्याची सही किंवा अंगठा असणार. जामीन झाला असेल तर जातमुचलका (आरोपीने स्वतः दिलेलं हमीपत्र) असेल, त्यावर बऱ्याचदा फोटोही असतो. तुमचा पक्षकार सही करतो की अंगठा देतो, आणि तेव्हाच्या आरोपीने काय केलं होतं, एवढं पाहिलंत तरी अर्धं काम होईल. तो दोन महिने तुरुंगात होता, तेव्हा तुरुंगाच्या नोंदवहीत उंची आणि शरीरावरच्या खुणा लिहिलेल्या असणार. सरकार पक्षाने ठसे घेऊन पुण्याला सीआयडीच्या अंगुलीमुद्रा केंद्राकडे पाठवले तर मात्र उत्तर पक्कं येईल, तुमच्या बाजूने नाहीतर त्यांच्या.

फाइल जुनी असली की 'सापडत नाही' असं उत्तर मिळतं. तोंडी उत्तरावर परत फिरू नका. अर्जावरच तसा शेरा लिहून मागा. सरकार पक्षाने उद्या त्याच फाइलचा उतारा आणला तर तो शेरा तुमच्या हातात हवा.

पारधी वस्त्यांवर काळे, पवार, भोसले, चव्हाण हीच आडनावं पुन्हापुन्हा येतात, आणि आजोबाचं नाव नातवाला, ते दोघा-तिघा चुलतभावांत. वडिलांचं नाव नसलेला कागद अशा ठिकाणी ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. हे मी टेबलावर बसून पाहिलं आहे. एकाच्या नावाचं वॉरंट दुसऱ्याच्या पालावर बजावलं जायचं, आणि तो बिचारा कोर्टात येऊन उभा राहायचा.

कोर्टाची_पायरी लिहिते:

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे कामाला लागले आहे, जे हाती आलं ते लिहिते.

पक्षकाराशी तुरुंगात एकट्याने बोलले. त्याला स्पष्ट विचारलं. तो आपल्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि २०१४ च्या दिवाळीनंतर टोळीबरोबर सांगली जिल्ह्यात तोडीला होतो, मुकादम सांगेल, असं म्हणाला. २०१९ ची केस मात्र आपली होती हे त्याने न विचारता सांगितलं. शेळी चोरल्याची फिर्याद होती आणि लोकअदालतीत मिटली. रोजनामा पाहिला, तडजोडीला सरकार पक्षाची हरकत नोंदलेली नाही.

२०१४ ची फाइल पाहायला मिळाली. कबुलीच्या कागदावर आणि जातमुचलक्यावर दोन्हीकडे *सही* आहे, मराठीत, सराईत हाताची. आडनावातल्या शेवटच्या अक्षरावरची रेघ पुढे लांब ओढलेली. माझा पक्षकार वकीलपत्रापासून सगळीकडे डाव्या हाताचा अंगठा देतो. शाळेत गेलेला नाही. फोटो आहे, पण स्टेपलच्या गंजाने चेहऱ्याचा वरचा भाग गेलाय. अटक फॉर्ममध्ये ओळखीच्या खुणेच्या रकान्यात 'उजव्या हातावर गोंदण' एवढंच लिहिलंय. याच्या दोन्ही हातांवर गोंदण नाही.

मला अजून एक विचारायचंय. म्हणण्यात समाजाबद्दल लिहावं का? १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला ज्यांची त्यातून सुटका झाली, त्यांच्यातल्याच एकाला आज ठाण्याच्या एका टाइप केलेल्या कागदावर पुन्हा 'सराईत' म्हणून उभं केलं जातंय. हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. पण न्यायाधीश साहेबांना ते भाषण वाटेल अशी भीतीही आहे. आणि सहीचा कागद आत्ताच जोडू की राखून ठेवू?

उलटतपास लिहितात:

छान काम केलंत, ताई.

समाजाबद्दल जरूर लिहा, पण एका परिच्छेदात आणि न्यायनिर्णयाच्या आधाराने. सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, ३ ऑक्टोबर २०२४. विषय तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद होता. पण त्यात विमुक्त जमातींवर सवयीचा गुन्हेगार हा शिक्का कसा मारला जातो याची सविस्तर चर्चा आहे, आणि नियमावल्यांत तो शब्द आला तर सवयीच्या गुन्हेगारांबद्दलच्या राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच घ्यायचा असं सांगितलंय. तुमची मांडणी इतकीच ठेवा: एपीपींच्या अर्जात 'सराईत' असं लिहिलं असेल तर ते कोणत्या कायद्याखाली, कोणत्या आदेशाने? आदेश नसेल तर तो शब्द अर्जातून वगळावा. हे भाषण होत नाही, ही मागणी आहे आणि त्यावर कोर्टाला आदेश करावा लागेल.

सहीचा कागद आत्ता जोडू नका. ओळख सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर नाही आणि तो प्रश्न दोषसिद्धीआधी उभाच राहत नाही. आत्ता जोडलात तर त्याच कागदावर वाद सुरू होईल, पूर्वीच्या शिक्षेची चर्चा भर कोर्टात होईल, म्हणजे ज्याला २७१(३) मनाई करतं तेच तुमच्या हातून घडेल. मुचलका, कबुलीचा कागद आणि अटक फॉर्म, तिन्हींच्या प्रमाणित नकला काढून फाइलमध्ये ठेवा. म्हणण्यात फक्त: ३३४ चं पालन नाही, २३४(७) चं पालन नाही, सहा नोंदी कायद्यानेच बाद, उरलेल्या तिसऱ्या नोंदीतली ओळख नाकबूल, यादी वेगळी ठेवावी, आणि केस याच कोर्टात चालावी. ३०३(२) आणि कलम १३ एकत्र लावण्याबद्दल सरकारी अभियोक्ता साहेबांनी जो मुद्दा दिला तो शेवटी पर्यायी म्हणून घ्या.

एपीपी नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३० खाली कागद कबूल की नाकबूल म्हणून यादी देतील. त्यात पूर्वइतिहासाचा कागद गुपचूप येऊ शकतो. प्रत्येक ओळ वाचून मगच सही करा. तिथे 'कबूल' गेलं की औपचारिक पुराव्याची गरज राहत नाही.

या सगळ्यात भंगारवाल्याकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. सध्या सरकार पक्षाकडे तोच एक साक्षीदार आहे, आणि चोरीचा माल त्याच्याच दुकानात सापडलाय. त्याने तुमच्या पक्षकाराचं नाव घेतलं नसतं तर तोच आरोपी झाला असता. खरेदीचं रजिस्टर जप्त केलंय का ते मुद्देमालाच्या यादीत पाहा. नसेल तर उलटतपासात विचारा: मोटार किती वजनाची भरली, किती पैसे दिले, रोख की कसे, पावती कोणाच्या नावाने, आणि पाच एचपीची मोटार या एकट्या माणसाने विहिरीतून काढून तुमच्या दुकानापर्यंत आणली कशावर?

कोर्टाची_पायरी लिहिते:

मुद्देमालाच्या यादीत रजिस्टर नाही. गाडीचाही उल्लेख कुठे नाही. म्हणणं आज रात्रीच लिहायला घेते. नकलांचा अर्ज सकाळी कोर्ट उघडल्यावर पहिल्यांदा देते.